मुठीत मावणारी लाकडी चिमणी: आजारी माणसासाठी कोरताना

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या नणंदेची केमोथेरपी सुरू आहे. अमेरिकेतले कोरीवकाम करणारे लोक आजारी किंवा दुःखात असलेल्या माणसांना तळहातात मावेल असा साधा लाकडी पक्षी करून देतात, तिकडे त्याला ‘कम्फर्ट बर्ड’ म्हणतात, हे त्यांच्या वाचनात आलं. तसा एक पक्षी नणंदेसाठी स्वतःच्या हातानं करावा, जमलं तर पुढे वॉर्डातल्या बाकीच्या बायकांसाठीही करावेत, असं त्यांच्या मनात आहे. विळी आणि सुरी सोडली तर हातात कधी हत्यार धरलेलं नाही. लाकूड कोणतं, कोरायचं कसं, वरून काय लावायचं आणि दवाखान्यात चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, जमेल. या पक्ष्याला कसबी कारागीर लागत नाही. वेळ द्यावा लागतो आणि ज्याला द्यायचा त्याच्या हाताचा विचार करावा लागतो. मी पंचवटीत देव्हाऱ्यांचं आणि दारांच्या चौकटींचं कोरीवकाम करत आलो. ते काम बघण्यासाठी असतं. चांदवडच्या रंगमहालात होळकरांच्या काळचं लाकूडकाम बघायला मान वर करून उभं राहावं लागतं आणि नजर एका नक्षीवरून दुसऱ्या नक्षीवर जात राहते. तुम्हाला करायचा आहे तो पक्षी हातासाठी आहे. रात्री दोन वाजता झोप उडालेली आहे, वॉर्डातले दिवे मालवलेले आहेत, शेजारच्या खाटेवर कोणीतरी कण्हतंय, अशा वेळी उशीखाली हात घातला की तो बोटांना सापडला पाहिजे आणि मुठीत नीट बसला पाहिजे. म्हणून त्याला डोळे नसतात, पिसं नसतात, पाय नसतात. लाकूड, माप, तेल, देण्याची वेळ, सगळं त्या हाताकडे बघून ठरवायचं.

लाकडापासून सुरुवात करू. आपल्याकडे या कामाला सगळ्यात चांगलं लाकूड शिवणीचं. फिकट पिवळसर, वजनाला हलकं, सुरीला मऊ लागतं, वाळल्यावर फारसं वाकडंतिकडं होत नाही. वखारीत ‘शिवण’ म्हणून मागा, मिस्त्री लोकांना ठाऊक असतं. चौकटीचं काम चालतं तिथे तुकडे उरलेले असतात आणि तुम्हाला लागणारा तुकडा जेमतेम आठ सेंमीचा. शिवण नाही मिळाली तर आंब्याचं लाकूड घ्या, पण त्याला किडा लवकर लागतो, बारीक भोकं दिसली तर तो तुकडा सोडून द्या. कडुनिंब टिकाऊ असतो, मात्र त्याच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे शिकणाऱ्याची सुरी अडकते आणि टवका उडतो. सावंतवाडीची खेळणी करणारे पांगारा वापरत आले. तो कापायला फारच सोपा, पण नखानंही खळगा पडतो. सतत हाताळायच्या वस्तूला मी तो घेत नाही.

सागवानाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकमध्ये प्रत्येकाच्या मनात आधी सागवानच येतं. जुन्या गावठाणातले वाडे पडतात तेव्हा तुळया, खांब, दारं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. ते लाकूड पक्कं वाळलेलं आणि देखणं असतं. पण सागाच्या लाकडात सिलिका असते, ती हत्याराची धार खाते. भुसा काहींच्या कातडीला आणि नाकाला त्रास देतो. शिवाय आत जुने खिळे लपलेले असतात. पहिला पक्षी सागवानाचा करू नका. ज्या माणसाचं त्या लाकडाशी नातं आहे त्याच्यासाठी मात्र अवश्य करा. एक गृहस्थ त्यांच्या पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा तुकडा घेऊन आले होते. आईला स्मृतिभ्रंश झालेला, मुलाला ओळखायची नाही. त्या तुकड्याचा पक्षी केला. सागवान ताजं कापलं की त्याला चामड्यासारखा एक वास येतो, तेल लावल्यावर तो बराचसा दबतो. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून पोटाखालची बाजू तेल न लावता कोरीच ठेवली. आजींनी तो आधी नाकाशी नेला, मग पदराच्या टोकात घालून वर गाठ मारली, पूर्वी सुटे पैसे ठेवायच्या तशी. पुढे लुगडं बदललं की गाठ त्या लुगड्याला. त्या पक्ष्यानं आठवण परत आणली असं मी म्हणणार नाही, आणि मुलगाही म्हणत नव्हता. हाताला एक काम मिळालं, एवढं खरं.

लाकडाची काही पथ्यं आहेत ती पाळा. कण्हेरीचं लाकूड कधीही घेऊ नका. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे आणि ही वस्तू घामेजल्या हातात राहणार, कदाचित ओठांनाही लागणार. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त असतं, कोरायलाही बरं. पण पेटीवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती नको. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर तेही नको. निफाड-दिंडोरीकडचे ओळखीचे लोक बाग काढल्यावर द्राक्षाची खोडं आणून देतात, “याचे पक्षी करा” म्हणतात. भावना मोठी आहे, पण ते खोड पिळवटलेलं असतं, वाळताना तडकतं, आणि त्यावर वर्षानुवर्षं औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. आजारी माणसाच्या हातात देण्याजोगं ते नाही. ताजी तोडलेली फांदीही लगेच कोरू नका. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वाळायला वर्षभर लागतं असा सुतारांचा जुना हिशेब आहे. घाई केली तर पक्षी दिल्यावर महिन्याभरात त्याच्या पाठीला चीर जाते.

आता आकार. साधारण सात सेंमी लांब, चार रुंद, चार उंच असा ठोकळा घ्या. ठोकळ्यावर लांबीच्या दिशेनं ज्या रेषा दिसतात त्या चोचीपासून शेपटीकडे जायला हव्यात. आडव्या गेल्या तर शेपूट पहिल्याच पडण्यात तुटेल. बाजूच्या अंगावर पक्ष्याची कडेनं दिसणारी आकृती काढा: वर डोक्याचा उंचवटा, मग मानेपाशी हलका खोलगा, मग पाठ, मग किंचित वर गेलेली शेपूट. वरच्या अंगावर वरून दिसणारी आकृती काढा: पुढे गोल, मध्ये रुंद, मागे निमुळती. कोपिंग सॉ, म्हणजे बारीक पात्याची धनुष्यासारखी करवत, घेऊन आधी कडेची आकृती कापा. निघालेले तुकडे चिकटपट्टीनं परत जागच्या जागी लावा, म्हणजे वरची आकृती पुसली जात नाही, आणि मग ती कापा. चिकटपट्टी काढली की हातात ओबडधोबड चौकोनी पक्षी येतो. इथपर्यंतचं काम ओळखीचा सुतार पाच मिनिटांत करून देईल, त्याच्याकडून करून घ्यायला काहीच हरकत नाही. नणंदेसाठी लागणारा तुमचा हात पुढच्या कामात लागतो.

लाकडाआधी कपड्याच्या साबणाच्या वडीवर एकदा करून बघा. घरातल्या सुरीनं होतं. चूक झाली तर साबण धुण्याला जातो, आणि कुठे किती काढायचं हे हाताला कळलेलं असतं.

लाकडासाठी चार-पाच सेंमी पात्याचा कोरीवकामाचा चाकू घ्या. भाजीची सुरी नको, ती लवते आणि घसरते. डाव्या हातात सुरीनं कापला न जाणारा हातमोजा, उजव्या अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा कापडी चिकटपट्टीचे चार वेढे. मांडीवर धरून कधीही कोरू नका, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. कोपरं टेबलावर किंवा पोटाशी टेकवा. बटाटा सोलताना सुरी अंगठ्याकडे ओढतो तशी छोटी, पातळ साल काढत चला. पक्ष्याच्या सगळ्यात फुगीर जागेवरून चोचीकडे आणि तिथूनच शेपटीकडे, म्हणजे उंचाकडून उताराकडे. उलट गेलात तर पातं रेषांच्या आत शिरतं आणि टवका उपटला जातो. तसं वाटलं की जोर न लावता दिशा बदला. पातं बोथट झालं की माणूस जोर लावतो आणि तेव्हाच हात कापतो. म्हणून दर थोड्या वेळानं चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पॉलिशची पावडर लावून पातं मागे ओढत घासा.

गोलाई आली की हत्यार खाली ठेवा, डोळे मिटा आणि पक्षी मुठीत घ्या. हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो दहा वेळा करावा लागतो. अंगठा आपोआप कुठे टेकतो? बहुतेकांचा डोक्यामागच्या खोलग्यात किंवा पाठीवर टेकतो. तिथे एखादा मिलिमीटर लाकूड आणखी काढा, अंगठ्याला घर मिळतं. करंगळी शेपटीखाली जाते, तिथेही उताराला थोडी जागा करा. छाती तळव्याच्या मध्यात भरली पाहिजे. काही टोचतंय का, कुठे कड लागतेय का, हे डोळ्यांना दिसत नाही, मुठीला लगेच कळतं. मग डाव्या हातात घ्या. तुमच्या नणंदेच्या एका हाताला सलाइनची सुई असेल, पक्षी दुसऱ्या हातात जाईल, तो कोणता असेल हे आधी माहीत नसतं. म्हणून दोन्ही बाजू सारख्या ठेवा. घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांच्या हातात देऊन बघा. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी करत असाल तर आकार थोडा जाड, आठ-नऊ सेंमीपर्यंत करा, कारण सुजलेली बोटं पूर्ण मिटत नाहीत.

चोच बोथट ठेवा, नुसता इशारा पुरे. त्याहून बरं हवं असेल तर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जा. निफाड तालुक्यातलं हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. सकाळच्या थंडीत तिथे बदकं मान मागे वळवून चोच पंखांत खुपसून झोपलेली असतात. तो आकार नीट बघून ठेवा. बाहेर आलेलं काहीच नाही, तुटायला काही नाही, टोचायला काही नाही, आणि झोपलेला पक्षी आजारी माणसाच्या हातात शोभतोही.

घासण्यात आळस करू नका. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८०, २४० असा चढत जा, रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर ओरखडे राहतात आणि तेल लावल्यावर उठून दिसतात. २४० नंतर पक्षी ओल्या फडक्यानं पुसा. लाकडाचे बारीक तंतू फुगून वर येतात, हात फिरवला की खरखर लागते. रात्रभर वाळू द्या, सकाळी ४०० नंबरनं हलक्या हातानं घासा. हे दोनदा करा. ही पायरी गाळली तर तेच तंतू नंतर घामानं वर येतात, आणि ज्या दिवशी गुळगुळीत वस्तूची गरज असते त्या दिवशी ती खरबरीत लागते. घासताना तोंडाला मास्क लावा, काम गॅलरीत करा.

वरून काय लावायचं यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि इथेच बरेच पक्षी बिघडतात. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं, सूर्यफुलाचं तेल नको. ते लाकडात नीट सुकत नाही, चिकट राहतं आणि काही आठवड्यांनी खवट वास येतो. अक्रोडाचं तेल सुकतं, पण सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेला माणूस समोर आला तर पंचाईत. फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, देव्हाऱ्याला उत्तम. दवाखान्यात मात्र दर थोड्या वेळानं हाताला सॅनिटायझर लावतात, त्यात अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ओल्या हातानं पक्षी धरला की पॉलिश बोटांना चिकटणार. म्हणून जवसाचं तेल. लाकडी घाण्याच्या दुकानात चटणीच्या जवसाचं कच्चं तेल मिळतं, तेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते या कामाला नको. चार भाग तेल, एक भाग मधमाशीचं मेण, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर नाही. कोमट असताना कापडानं चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका. पातळ थर, दोन दिवसांनी दुसरा.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कचऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं बाहेर दोरीवर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

तेल लावलेला पक्षी लगेच देऊ नका. कच्चं जवस तेल पूर्ण सुकायला दोन ते चार आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. तोवर त्याला वास असतो. केमो घेणाऱ्या बऱ्याच जणांना एरवी जाणवतही नाहीत असे वास सहन होत नाहीत, फोडणीच्या वासानंही मळमळतं. पक्षी हवेशीर जागी ठेवा आणि नाकाशी नेऊन काहीच वास येत नाही अशी खात्री झाल्यावरच गुंडाळा. अत्तर, धूप, चंदनाचं तेल यांतलं काही लावू नका, तुमच्या मनात कितीही चांगलं असलं तरी.

दवाखान्याचा प्रश्न. आधी विचारा, मग न्या. केमोचा डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात आणि संसर्गाची भीती तेव्हा जास्त असते. लाकूड सच्छिद्र असतं, स्टीलसारखं निर्जंतुक करता येत नाही. म्हणून डॉक्टरांना किंवा वॉर्डातल्या सिस्टरांना दाखवून त्यांच्या होकारानंच द्या. आयसीयूत किंवा वेगळ्या खोलीत ठेवलेल्या रुग्णाला नेऊच नका. वॉर्डासाठी करणार असाल तर तेल-मेणाऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या आणि डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण सुकू द्या, तो पृष्ठभाग पुसता येतो. लाकडाचा स्पर्श थोडा कमी होतो, पण तिथे स्वच्छता पहिली. एकाचा पक्षी दुसऱ्याच्या हातात फिरवू नये, हेही सांगून ठेवा.

नणंदेला कोणतं औषध चालू आहे तेही जरा विचारा. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना थंड वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या आणि कळा येतात. फ्रिजचं दार, स्टीलचा पेला, नळाचं पाणी, सगळ्याची धास्ती बसते. लाकूड उष्णता सावकाश वाहून नेतं, त्यामुळे धातूसारखं किंवा दगडासारखं गार लागत नाही. अशा हातांना लाकडाचा पक्षी खरोखर सुसह्य असतो, तरी थंडीच्या दिवसांत देण्याआधी तो थोडा वेळ स्वतःच्या मुठीत ठेवून मग द्या. कॅपेसिटाबाइनसारख्या औषधानं तळहात लाल होऊन सोलतात, तेव्हा घासणं टाळायला सांगतात. त्या दिवसांत पक्षी उशीशी राहू दे, चोळत बसायला सांगू नका. पॅक्लिटॅक्सेलनं बोटं बधिर होतात, वस्तू हातून निसटते, अशांसाठी थोडा मोठा आकार बरा. आणि हा पक्षी व्यायामाचा चेंडू नव्हे. लकवा झालेल्या माणसाच्या घरचे तो दाबायला लावतात. तो व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या साधनानंच व्हावा.

लहान मुलाला देणार असाल तर तीन वर्षांखालच्याला शक्यतो नकोच. खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याच्या धोक्याची धरतात. आपला चार सेंमीचा पक्षी त्यात मावत नाही, पण तुटलेली चोच मावते.

पक्षी कोणता, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा. परदेशात शांतीचं म्हणून कबुतर करतात. आपल्याकडे ओसाड वाड्यात पारवे घुमतात असं म्हणतो, आणि काही घरांत पारव्यानं घरटं करणं अशुभ मानतात. घुबड नको, टिटवी नको. कावळा तर नाशिकमध्ये मुळीच नको. रामकुंडावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभं राहिलेल्या घरांना तो पक्षी कशाचा वाटेल हे सांगायला नको. याच कारणानं मी शिसवीसारखं काळं लाकूडही टाळतो, डोळे-पिसं नसलेला काळा पक्षी चटकन कावळाच दिसतो. देणाऱ्यानं शकुन-अपशकुन मानायचा की नाही हा वेगळा भाग, घेणाऱ्याच्या मनाला टोचता कामा नये. भारद्वाज दिसणं शुभ मानतात, पण त्याची लांब शेपूट मुठीत बसत नाही. चिमणी सगळ्यात बरी. ‘हा घास चिऊचा’ म्हणत जेवलेलं प्रत्येक माणूस तिला ओळखतं, ती कोणाच्याच धर्मात, रीतीत आडवी येत नाही, आणि तिचा गोल, आखूड देह तळव्यासाठीच घडवल्यासारखा आहे. शिवाय चिमणीसाठी जगभर पाळला जाणारा २० मार्चचा दिवस २०१० साली सुरू झाला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं. आपल्या गावानं चिमणीची काळजी वाहिलेली आहे, तेव्हा इथल्या हातांनी चिमणीच कोरावी असं मला मनापासून वाटतं.

शोकातल्या घरी द्यायची वेळ आली तर सुतकात नेऊ नका. त्या दिवसांत घरात माणसांची रीघ असते, भेटवस्तू घेण्याची मनःस्थितीही नसते आणि रीतही नसते. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, फोन कमी होतात, आणि घर एकदम रिकामं वाटायला लागतं. पंधरा दिवसांनी, महिन्यानं जा. तेव्हा तुम्ही आलात हेच मोठं असतं. गारपिटीनं बाग गेलेल्या, कर्जात बुडालेल्या घरी जात असाल तर आधी तलाठ्याकडचा पंचनामा, बँकेची कागदं, औषधपाणी यांत काय मदत करता येईल ते बघा. पक्षी त्यानंतर. हातात पक्षी ठेवून निघून आलं तर त्या माणसाला ते लागतं, आणि लागावंच.

आणि देताना काय बोलायचं? फार थोडं. “लवकर बरी हो” हे शब्द सगळ्यांनाच झेपत नाहीत. ज्याला डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलेलं आहे त्याला ते ओझं होतं, आता बरं होऊन दाखवायची जबाबदारीही त्याचीच. “खचू नको”, “देव परीक्षा बघतो” हेही नको. पक्ष्यासोबत सुविचारांची चिठ्ठी लावू नका. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. रावणानं पंख छाटलेला जटायू तिथे पडला आणि रामानं त्याला मांडीवर घेऊन पाणी पाजलं असं मानतात. त्या कथेत राम त्याला पंख परत येतील असं म्हणत नाही. जवळ घेतो, पाणी देतो, त्याचं म्हणणं ऐकून घेतो. तुम्ही “तुझ्यासाठी केलाय, हातात धरून बघ” एवढं म्हणा आणि खुर्ची ओढून बसा. ती पक्षी न बघता बाजूला ठेवील, तरी चालेल. पुढच्या भेटीत “वापरतेस ना?” असं विचारू नका. वस्तू तिची झाली. हरवली तर दुसरी करा, कुठे हरवली ते विचारू नका. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं तर पूर्ण टाळा, टक्कल पडलेल्या, थकलेल्या माणसाला त्याच्या परवानगीशिवाय दाखवण्याचा हक्क आपल्याला नाही.

कुणी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. काहींना आजारपणाची आठवण देणारी कोणतीही वस्तू घरात नको असते, आणि ते रास्त आहे.

वॉर्डासाठी बरेच करायचे असतील तर एकट्यानं संख्येमागे लागू नका. कॉलनीतल्या चौघी-पाच जणी मिळून बसा, एकीनं कापायचं, दोघींनी घासायचं, एकीनं पॉलियुरेथेनचं बघायचं. प्रत्येक पक्षी देण्याआधी मात्र सगळ्यांनी डोळे मिटून मुठीत धरून बघावा, एकीला जरी कड लागली तरी तो परत पेपरवर जावा.

वेळेचं गणित तेवढं आजच मांडा. नणंदेच्या केमोची सायकल, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ, बहुधा तीन आठवड्यांची असेल. पुढच्या डोसच्या आधीचा आठवडा सहसा त्यातल्या त्यात बरा जातो, तेव्हा देणं चांगलं. तेल सुकायला महिना धरला तर या सायकलला जमणार नाही, पुढच्या सायकलच्या शेवटच्या आठवड्यासाठी काम धरा. या आठवड्यात साबणाची वडी आणि शिवणीचा तुकडा आणा. नणंदेला भेटायला जाल तेव्हा तिचा हात हातात घ्या आणि तिची मूठ केवढी आहे, बोटं किती मिटतात, ते लक्षात ठेवून या. माप तिथूनच घ्यायचं आहे.